मधी बैल मावला पायजे

मंचरच्या बाजारपेठेत मी मोटारीचं दार उघडलं आणि दादाभाऊ मेथीत पडले.

दार उघडायच्या आधी मागं बघायचं असतं हे मलाही ठाऊक होतं. पण समोरच्या दुकानात कढईतून ताजी शेव निघत होती आणि माझं सगळं लक्ष त्या झाऱ्यावर होतं. मागून एक गृहस्थ सायकलवर येत होते. सायकल दारापाशी थांबली, गृहस्थ मात्र थांबले नाहीत. ते तसेच पुढं गेले आणि गोणपाट अंथरून बसलेल्या झुंबरबाईंच्या मेथीच्या ढिगावर उतरले.

“आरं ए, डोळं हायेत का बटणं!” झुंबरबाई कडाडल्या. मग कोण पडलंय ते दिसलं आणि त्यांचा आवाज निम्म्यावर आला. “आगं बया, दादाभाऊ! लागलं का वो?”

“न्हाई. भाजी मऊ हाय तुझी.”

मी हात जोडून उभा होतो. आता शिव्या येणार म्हणून मान आधीच खाली घातली होती. पण शिव्या आल्या नाहीत. गृहस्थ उठले, मिशीतली दोन पानं काढली, टोपी झटकून डोक्यावर ठेवली, एक हात कानावर नेला, दुसरा आभाळाकडं उचलला आणि बाजाराकडं तोंड केलं.

“लक्ष द्या मंडळी, लक्ष द्या! पांढऱ्या मोटारीचं मालक हितं हजर हायेत! त्यांनी भर बाजारात दार उघडल्यालं हाय! मागं न बघता उघडल्यालं हाय! शुभनाव काय आपलं, पावणं?”

तो आवाज असा होता की खोटं नाव सांगायची हिंमत होईना. मी आडनावासकट सांगून टाकलं आणि पुढच्या क्षणी ते नाव सगळ्या पेठेवरून फिरून आलं. एसटी स्टँडावरची माणसं माना वळवून बघायला लागली. शेववाल्याचा झारा थांबला. चेंगरलेली मेथी अर्थातच मी घेतली. आमच्या घरात पुढं बरेच दिवस दुसरी भाजी शिजली नाही आणि बायकोनं कारण विचारलं नाही, कारण ते तिला माझ्या आधीच कळलं होतं.

तर हे दादाभाऊ. गाव अवसरी बुद्रुक. थोडी शेती आहे. तिच्यातला कांदा-बटाटा मुलगा सुनील बघतो. दादाभाऊंचं खरं पीक म्हणजे आवाज. आमच्या जुन्नर-आंबेगावात गावच्या यात्रेला बैलगाड्यांच्या शर्यती होतात. चढणीवर लांबलचक धावपट्टी असते, तिला घाट म्हणतात. गाडा सुटतो, भंडारा उधळतो, घड्याळ लावून सेकंद मोजतात आणि कडेच्या मंडपात माइक धरून एक माणूस हे सगळं बोलत असतो. तो बोलतो म्हणून ते घडतं, असं लांबच्या प्रेक्षकाला वाटतं. आसपासच्या कितीतरी घाटांवर तो माणूस म्हणजे दादाभाऊ.

गाडामालक बैलांना वर्षभर अंडी-दूध खाऊ घालतो ते बक्षिसासाठी, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नसतं. आपलं, बापाचं आणि गावाचं नाव दादाभाऊंच्या तोंडून घाटावर पुकारलं जावं, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप. एकदा नाव पुकारलं गेलं की तो गृहस्थ पुढच्या यात्रेपर्यंत शर्टाचं वरचं बटण लावत नाही. एका हौशी नवरदेवानं तर लग्नात दादाभाऊंना माइकवर उभं केलं होतं. नवरी मांडवाच्या दारात आली तशी यांनी “आली रं आली, उजव्या अंगानं आली!” अशी हाळी दिली की नवरदेवाची घोडी मांडव सोडून थेट पेठ गावच्या वाटेला लागली.

आणि या आवाजाचं इंजिन म्हणजे त्यांची सायकल. काळी, जुनी, दांड्याची. मागं कॅरेज, पुढं घंटा आणि चेनवर नेहमी तेल. सुनीलनं कितीदा म्हटलं, “दादा, स्कूटर घेऊन देतो.” पण दादाभाऊंचं म्हणणं, “स्कूटरवर शब्द उडून जात्यात.” घाटावरची सगळी वाक्यं त्यांना सायकलवर सुचतात. अवसरीतून निघायचं, मंचरला चहा घ्यायचा, परत यायचं. जाताना एक ओळ सापडते, येताना तिला जोड मिळते. ओठ हलत असले की वाटेतली माणसं त्यांना हाक मारत नाहीत. नुसती मान हलवतात. त्यांची सगळ्यात गाजलेली ओळ, “सुटला रं सुटला! मागं बघू नगा, मागं धुरळाच हाय!” ही अशीच मंचरहून येताना उसाच्या फडापाशी सापडलेली.

पण रस्ता काही नुसता दादाभाऊंचा नाही. त्यावरून ट्रक जातात, आणि अलीकडं फारच जातात. उसाचा ट्रॅक्टर असतो. पुढं ड्रायव्हर, मागं दोन ट्रॉल्या, आणि त्या ट्रॉल्यांचा ड्रायव्हरशी फारसा संबंध नसतो. खडीचा डंपर असतो. तो वळणावर थोडी खडी सांडून जातो, मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं आपली आठवण काढावी म्हणून. कांद्याच्या ट्रकाला बाजार गाठायचा असतो, बाजार गाठला की परत जायचं असतं, आणि दोन्ही वेळा उशीरच झालेला असतो. या सगळ्यांच्या लेखी सायकलवाला म्हणजे मैलाचा दगड, फक्त हलणारा. दादाभाऊ ट्रकांना बैलांसारखं ओळखतात. “ह्यो कांदंवाला मारका हाय. त्यो डंपर सभावानं गरीब, पर त्येला ऐकू कमी येतं.” मारका दिसला की ते सायकल मातीत उतरवायचे, तो गेला की पुन्हा डांबरावर चढवायचे. मधेच ओळ तुटायची. तुटली तर तुटली.

यात्रा महिन्यावर आली होती तेव्हाची गोष्ट. दादाभाऊ मंचरहून घरी निघाले होते. ओळ जुळत आलेली होती, ओठ हलत होते, एवढ्यात मागून आवाज आला.

“सुटला रं सुटला!”

आवाज ओळखीचा वाटला. ओळखीचा कसला, त्यांचाच होता. कुणीतरी ट्रकात त्यांचं घाटावरचं रेकॉर्डिंग लावलेलं, आणि तेही असं मोठ्यानं की बांधावरच्या म्हशी माना वर करून बघत होत्या. माणूस आहे, सुखावणारच. दादाभाऊ सीटवर जरा ताठ झाले. कानावरची टोपी वर केली. आपला आवाज मागून कसा ऐकू येतो हे त्यांना आजवर कळलं नव्हतं, म्हणून मातीत उतरायचं ते विसरले. ट्रक अंगाला घासून गेला. नुसता वाराच असा आला की सायकल, टोपी, जुळलेली ओळ आणि स्वतः दादाभाऊ सगळे मिळून कडेच्या पाटाच्या चारीत गेले. त्या दिवशी पाटाला पाणी सुटलेलं होतं.

कमरेएवढ्या पाण्यातून डोकं वर काढलं तेव्हा ट्रक लांब गेला होता. त्याच्या मागच्या फळीवर निळी झूल घातलेला पांढरा बैल रंगवलेला दिसला. आणि त्या धुरळ्यातून दादाभाऊंचाच आवाज दादाभाऊंना सांगत होता, “मागं बघू नगा, मागं धुरळाच हाय!”

घरी साळुबाई ओसरीत लसूण सोलत बसल्या होत्या. चिखलानं माखलेला नवरा आणि वाकडं हँडल त्यांनी एकदाच बघितलं.

“कोन व्हतं?”

“ट्रक व्हता.”

“थांबला?”

“न्हाई.”

साळुबाई जास्त बोलत नाहीत. घरातलं सगळं बोलणं नवऱ्यानं वापरून टाकल्यावर त्यांच्या वाट्याला थोडंच उरलं असावं. त्यांनी सुनीलला हाक मारली. मायलेकांनी सायकल उचलली आणि कांदा साठवायच्या बराखीत नेऊन वरच्या आढ्याला दोरखंडानं टांगली.

“आगं, यात्रा आलीया!” दादाभाऊ कळवळले.

“येऊ द्या. यात्रा दरसाल येती. तुमी एकदाच आलाय. ट्रकवालं शाणं झालं, असं माज्या डोळ्यानं बघंन, तवा सायकल खाली यील. तवर कांद्याला वारा घालू दे तिला.”

दुसऱ्या दिवसापासून दादाभाऊंची जीभ सुकली. त्यांनी पायी चालून बघितलं. पायी चाललं की शेतातलं दिसतं, शेतातलं दिसलं की कामं सुचतात, शब्द नाही. एसटीनं जाऊन बघितलं. कंडक्टरच “भाऊ, एक आरोळी होऊ द्या” म्हणून मागं लागला. सुनीलच्या स्कूटरवर मागं बसून ओळ म्हणायला तोंड उघडलं आणि एक भलामोठा किडा आत गेला. तो दिवस थुंकण्यात गेला.

यात्रा कमिटीचे अध्यक्ष सयाजीराव एके सकाळी चहाला आले. दरसाल ते या सुमाराला येतात आणि नवीन ओळी आधी ऐकून ठेवतात, म्हणजे घाटावर त्यांना दुसऱ्यांच्या आधी मान डोलावता येते.

“होऊ द्या दादाभाऊ, यंदाचा माल.”

दादाभाऊंनी एक ओळ म्हटली. सयाजीरावांनी कप खाली ठेवला.

“ही गेल्या सालची.”

दुसरी म्हटली.

“ही त्याच्या आदल्या.” सयाजीराव घुटमळले. “राव, राग मानू नगा. नारायणगावचा एक पोरगा हाय. नवीन हाय, पर सोताच्या साउंड सिस्टीमसकट येतो. धूर सोडायचं मशीनबी हाय त्याच्याकडं. कमिटीतली पोरं मागं लागल्यात. तुमचं कायतरी नवं असंल तर मला तोंड व्हतं बोलायला.”

ते गेल्यावर दादाभाऊ बराखीत जाऊन सायकलीखाली उभे राहिले. वर बघितलं. मग सुनीलकडून मला फोन लावून घेतला. त्यांना मोटार पाहिजे होती, आणि माझ्या मोटारीवर आपला हक्क आहे असं त्यांचं मत होतं. मला ते खोडता आलं नाही.

आम्ही मंचरच्या मार्केट यार्डात गेलो. निळ्या झुलीचा बैल सापडायला वेळ लागला नाही. ट्रक कांद्याचे व्यापारी बाळासाहेब यांचा. ड्रायव्हर ऋतिक, जुन्नरच्या पश्चिमेकडचा, डोंगरातल्या भातखाचरांतून उतरून स्टिअरिंगवर आलेला. दादाभाऊ बाह्या सरसावून त्याच्याकडं निघाले. एवढ्यात त्यानं यांना बघितलं, केबिनमधून उडी मारली आणि सरळ पाय धरले.

“दादाभाऊ! खरंच तुमी का? आवो, तुमच्या आवाजाबिगर माजी गाडी चालूच व्हत न्हाई!”

दादाभाऊंचा उगारलेला हात हवेत तसाच राहिला. मग तो आशीर्वादासारखा खाली आला.

“कवापासून ऐकतुस?”

“लई दिवस झालं. तुमचा आवाज लागला की पाय आपोआप दाबला जातो बगा. आक्शी घाट दिसतो म्होरं.”

“आनि घाटात मधी मानूस आला तर?”

“घाटात मानूस कशाला यील? घाटात आल्यालं मानूस आपुनच बाजूला व्हतंय की.”

“आरं चारीत गेलो मी!” दादाभाऊ अखेर फुटले. “त्या दिशी, अवसरीच्या वाटंवर. सायकलसकट. तुजं ध्यान कुटं व्हतं?”

ऋतिकचं तोंड उतरलं. “तुमी व्हता? शपथ भाऊ, मला दिसलंच न्हाई. मी आरशात बघनार व्हतो, पर...”

“पर काय?”

“तुमीच म्हनला ना, मागं बघू नगा.”

भोवती जमलेले हमाल तोंडाला टॉवेल लावून हसत होते. दादाभाऊंनी माझ्याकडं बघितलं, मी कांद्याकडं. राग आहे, पण काढायचा कुणावर हेच कळेना, अशी वेळ त्या माणसावर पहिल्यांदाच आली असावी. परत येताना ते मोटारीच्या खिडकीतून समोरून येणारे ट्रक मोजत होते. मोटारीत बसून त्यांना शब्द सुचत नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून मी गाडी सावकाश घेतली. फाट्यापाशी मात्र ते एकदम म्हणाले, “आवाजानं पाय दाबत्यात, तर आवाजानंच उचलतील. त्या पोराला संध्याकाळी घरी बोलवा.”

संध्याकाळी ऋतिक मोबाइल घेऊन हजर झाला. प्रश्न होता सायकलचा. साळुबाईंना विनवण्या झाल्या. “आगं, स्टँडवर लावतो. मागलं चाक अधांतरी. तसूभर हालनार न्हाई जाग्यावरनं.” साळुबाईंनी विचार केला. जागेवरच्या सायकलला ट्रक धडकायचा तर तो अंगणात यायला पाहिजे. सायकल खाली आली, सुनीलनं हँडल सरळ केलं, आणि अंगणात तुळशीपासून जरा लांब, स्टँडवर लावलेल्या सायकलीवर दादाभाऊ चढले. पायडल फिरलं. चाक गरगरू लागलं. शेजारच्या भिंतींवर माणसं येऊन बसली. ऋतिकनं मोबाइल त्यांच्या तोंडापुढं धरला.

आधी नुसतं चाकच फिरलं. मग ओठ हलले. आणि मग आवाज उठला तो असा की गोठ्यातली गाय उभी राहिली.

“लक्ष द्या, ट्रकवालं भाऊ, लक्ष द्या! म्होरं सायकल हाय! सायकलवर कुनाची तरी लेक हाय, कुनाचा तरी बाप हाय! आवळा, आवळा, कासरा आवळा! हितं पळंल त्यो हरंल, हितं थांबंल त्याचा गुलाल! सायकलीच्या आन् ट्रकाच्या मधी किती जागा पायजे? आख्खा बैल आडवा उभा ऱ्हायला पायजे! शिंगापास्नं शेपटीपत्तोर! बैल मावला तर म्होरं व्हा, बैल न्हाई मावला तर मागं ऱ्हावा! आनि ज्याचा बैल मावंल, त्याचं नाव यात्रेला घाटावर पुकारनार! त्याचं, त्याच्या बापाचं, त्याच्या गावाचं, त्याच्या मालकाचं! शब्द हाय दादाभाऊचा!”

चाक थांबलं. ऋतिकनं मोबाइल छातीशी धरला होता.

“भाऊ,” तो हळूच म्हणाला, “माज्या बापाचं नाव जानकू. लिवून ठिवायचं का ध्यानात ऱ्हाईल?”

त्या रात्रीत ते रेकॉर्डिंग मार्केट यार्डातल्या सगळ्या ड्रायव्हरांच्या मोबाइलवर गेलं, आणि पुढं जे झालं त्याची कल्पना दादाभाऊंनाही नव्हती. यात्रेच्या घाटावर नाव पुकारलं जायला इथं आजवर बैलजोडी लागायची. आता नुसता ब्रेक पुरणार होता! अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाणारी आरती सकाळी सायकलवर निघाली, तर मागं एक ट्रक हळूहळू येऊ लागला. तिनं वाट दिली, तो पुढं जाईना. तिनं वेग वाढवला, त्यानंही वाढवला. पोरगी घाबरून थांबली तेव्हा ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

“ताई, भिऊ नगा! बैल मावत नव्हता म्हनून मागं व्हतो. दादाभाऊंना माजं नाव सांगशीला?”

त्याच्यामागं तोवर आणखी दोन ट्रक उभे राहिले होते. त्यांनाही नावं सांगायची होती. वरात कॉलेजच्या फाटकापर्यंत गेली.

एका दूधवाल्याला एका डंपरनं घरापर्यंत सोडलं आणि वर चहाही घेतला. एक ड्रायव्हर तर सायकल ढकलत चाललेल्या म्हाताऱ्याला म्हणाला, “आजोबा, जरा बसा की वो वर, म्हंजी मला मागं ऱ्हाता यील.” कांदा बाजारात उशिरा पोचू लागला. बाळासाहेबांनी आधी थोडी कुरकुर केली. मग कुणीतरी सांगितलं की ड्रायव्हरबरोबर मालकाचंही नाव पुकारणार आहेत. दुसऱ्या दिवसापासून बाळासाहेब ट्रक निघताना जातीनं फाटकात उभे राहून ओरडू लागले, “दमानं रं! बैल बघून!”

हे सगळं गावभर झालं, पण साळुबाईंच्या डोळ्यांपुढं झालं नव्हतं. त्यांना गावच्या गप्पा चालत नाहीत.

“मी सोता बघनार,” त्या म्हणाल्या.

“म्हंजी कसं?”

“मागं बसनार. मंचरपत्तोर. भ्या वाटलं तर सायकल भंगारवाल्याला, आनि माइक त्या धुरवाल्या पोराला.”

बाजारच्या दिवशी सकाळी दोघं निघाली. साळुबाई कॅरेजवर एका अंगाला बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, एक हात नवऱ्याच्या सदऱ्यात. मला मोटार घेऊन मागं यायला सांगितलं होतं. “पडलो तर दवाखान्यात न्याया कुनी पायजे,” दादाभाऊंनी कारण दिलं. माझ्याविषयी एवढा विश्वास त्यांनी प्रथमच दाखवला.

आधी सगळं ठीक चाललं. ऋतिकचा ट्रक आला, अदबीनं मागं राहिला, रस्ता मोकळा बघून असा वळसा घालून गेला की मधे बैल काय, बैल धरणारा गडीही मावला असता. खडीचा डंपर आला, त्यानंही तसंच केलं. साळुबाईंनी सदऱ्यावरची मूठ जरा सैल केली. आणि तेवढ्यात माझ्या आरशात एक अनोळखी तोंड दिसलं. मोठा थोरला, परमुलखातला ट्रक. नंबर परराज्यातला, हॉर्नही परराज्यातला. त्याला ना दादाभाऊ माहीत, ना घाट, ना रेकॉर्डिंग. तो मला ओलांडून पुढं गेला. आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर आपल्या दोन बेजबाबदार ट्रॉल्या घेऊन येत होता.

रस्त्याची रुंदी मला दिसत होती. ट्रक, ट्रॅक्टर आणि सायकल ही तिन्ही त्यात मावणार नव्हती. कडेला चारी होती आणि चारी भरलेली होती. मी हॉर्नवर हात ठेवला, पण माझा हॉर्न त्याच्या हॉर्नपुढं म्हणजे पिपाणी. दादाभाऊ हँडल घट्ट धरून समोर बघत होते. मागं बघणं त्यांच्या हातात नव्हतं.

मागं बघत होत्या साळुबाई. त्यांनी डोळे मिटले नाहीत की देवाचं नाव घेतलं नाही. कॅरेजवर बसल्या बसल्या त्या वळल्या आणि मोकळा हात सरळ, आडवा, रस्त्यावर ताणून धरला. हिरव्या बांगड्या, त्यांच्यापुढं पाच बोटं ताठ. आणि आयुष्यभर साठवलेला आवाज एकदम सोडला.

“ए भल्या मानसा! बैल मावू दे!”

त्याला भाषा कळली नसणार. पण सायकलीच्या मागून एक म्हातारी आपल्याकडं रोखून बघतेय आणि तिचा हात काही खाली येत नाही, एवढं कुठल्याही मुलखात कळतं. ब्रेक असा लागला की मलाही लावावा लागला. ट्रॅक्टर झोकांड्या खात निघून गेला. ट्रक सायकलच्या मागं चालीनं चालू लागला. मग रस्ता मोकळा झाल्यावर पार पलीकडच्या कडेनं, बायकोला बिचकून चालणाऱ्या माणसासारखा, हळूच पुढं गेला. जाताना ड्रायव्हरनं खिडकीतून हात जोडले. काहीतरी म्हणाला, ते “माताजी” एवढंच ऐकू आलं.

“त्येचं नाव इचारा की!” साळुबाईंनी नवऱ्याच्या पाठीत कोपर मारलं.

“आगं, त्यो परमुलखातला हाय.”

“मंग? त्येच्या आईनं नाव ठिवलं न्हाई का त्येला?”

पण तो लांब गेला होता. मंचरला उतरल्यावर साळुबाईंनी पदर नीट केला, पिशवी काखेत मारली आणि दादाभाऊ ज्याची वाट बघत होते ते एका दमात सांगून टाकलं. “भ्या वाटलं. पर त्येला माज्यापरीस जास्ती वाटलं. सायकल ऱ्हाऊ द्या. बाजाराच्या दिशी मी मागं बसनार.”

परतीच्या वाटेवर दादाभाऊंचे ओठ हलत होते. साळुबाई पाठीमागून अधूनमधून म्हणत होत्या, “ह्ये बरं न्हाई,” किंवा “ह्ये ठिवा.” यंदाच्या ओळी म्हणूनच जरा निराळ्या झाल्या, असं आता सगळे म्हणतात.

यात्रेला धुराचं मशीन आलं नाही. सयाजीराव पुढच्या रांगेत बसून प्रत्येक ओळीच्या आधी मान डोलावत होते. पहिला गाडा सुटायच्या आधी दादाभाऊंनी माइक घेतला आणि ट्रकवाल्यांची नावं पुकारली, बापासकट, गावासकट, मालकासकट. ऋतिकचं नाव आलं तेव्हा त्यानं डोंगरातून मुद्दाम आणलेल्या बापाला, जानकूबाबांना, खांद्यावर घेतलं. ते खांद्यावरून ओरडत होते, “उतरव रं, पडशील!” बाळासाहेब भगवा फेटा बांधून आले होते. आपलं नाव झाल्यावर ते दोनदा उभे राहिले. सगळ्यात शेवटी दादाभाऊ म्हणाले, “आनि परमुलखातलं एक भाऊ, नाव कळलं न्हाई, पर आमच्या साळुबाईचा हात बघून थांबलं, त्यांचाबी बैल मावल्याला हाय!” त्या वेळी जो भंडारा उडाला तसा पुढं पहिल्या आलेल्या गाड्याला, म्हणजे घाटाच्या राजालाही उडाला नाही.

संध्याकाळी घाट रिकामा झाला. माणसं पांगली. दादाभाऊ पिवळेधमक होऊन सायकलीची चेन पुसत बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो. दिवसभर ऐकून माझं मन भरून आलं होतं. अशा वेळी मला भाषण सुचतं.

“दादाभाऊ,” मी म्हणालो, “कायदे झाले, दंड झाले, रस्त्याकडेला पाट्या लागल्या, कुणालाही जमलं नाही ते तुम्ही केलंत. केवढी मोठी समाजसेवा आहे ही! हा विचार सुचला कसा तुम्हाला?”

त्यांनी चेनवर तेलाचा एक थेंब सोडला, पायडल उलटं फिरवून बघितलं आणि मान वर न करता म्हणाले, “समाजसेवा कसली, राव, मला माजी सायकल पायजे व्हती.”